समुद्रकाठची पिठाची लढाई

वाचकहो, एक चित्र डोळ्यांपुढे आणा. समुद्राचा काठ आहे. ओहोटी लागली आहे. ओल्या वाळूत दोन चांगल्या जाणत्या बायका समोरासमोर उभ्या आहेत. एकीच्या हातात पिठाची पुरचुंडी आहे, दुसरीच्या ओच्यात अंडी आणि मऊ पडलेली फळे. पहिलीने पीठ उधळले. दुसरीने नेम धरून अंडे फोडले. दोघींचे केस, चेहरे, कपडे सारे चिकट झाले आहे, आणि दोघींनाही हसू आवरत नाही.

हे चित्र पाहून तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील, "काय हा अन्नाचा नास! आणि तोही मोठ्या बायकांनी करावा?" तुमचे म्हणणे रास्त आहे. भाकरीच्या तुकड्याला पाय लागला तर तो उचलून कपाळाला लावणारी आपण माणसे. ज्या घराने दुष्काळ पाहिला, त्या घराला मूठभर पिठाची किंमत सांगावी लागत नाही. तेव्हा अन्न फेकावे की नाही, हा प्रश्न मी येथे सोडवायला बसलेलो नाही. पण असले खेळ माणसे शेकडो वर्षे खेळत आली आहेत, आणि नवल असे की त्यांतले काही नावाजलेले खेळ समुद्रकाठच्या बंदरांत वाढले. ते कोण खेळत होते, कोणाला खेळू देत होते आणि कोणाला नाही, हे पाहिले म्हणजे त्या समाजाची ओळख फार चांगली पटते. राजेलोकांच्या तहनाम्यांत सापडणार नाहीत अशा गोष्टी कधी कधी एखाद्या सणाच्या दंग्यात सापडतात.

ही गोष्ट प्रामुख्याने ब्राझीलची आहे. पोर्तुगीज लोक 1500 साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले आणि 1510 साली त्यांनी गोवा घेतले. म्हणजे दहा वर्षांच्या आत एकाच राज्याचे दोन हात, एक अमेरिकेच्या किनाऱ्यावर आणि एक आपल्या कोकणपट्टीवर, टेकले. जिकडे पोर्तुगीज गेले तिकडे त्यांचे सण गेले. त्यांतला एक सण म्हणजे 'एंत्रुदू'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'प्रवेश'. कशात प्रवेश? तर ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळात. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस मांसाहार वर्ज्य करून, मौजमजा आवरून घालवायचे असतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावली की उपवासकाळ सुरू. मग त्याच्या आधीचे तीन दिवस, रविवार, सोमवार आणि मंगळवार, काय करायचे? तर पोटभर खायचे, प्यायचे आणि हवा तेवढा दंगा करायचा. आपल्याकडे श्रावण लागण्याच्या आदल्या दिवसांत ज्यांच्या घरी सामिष चालते त्यांची जी लगबग असते, तिची आठवण ठेवा, म्हणजे ही गोष्ट परकी वाटणार नाही.

गोव्यात आजही कार्निव्हालला जुनी कोकणी माणसे 'इंत्रूज' म्हणतात. तो शब्द ह्या 'एंत्रुदू'चाच. जुन्या इंत्रुजात पीठ, अंडी, संत्री, लिंबे एकमेकांवर फेकत. कागदाच्या लहानशा पुड्यांत पीठ भरून त्या पुड्यांचा मारा करीत. आज पणजीच्या रस्त्यावर चित्ररथांची जी मिरवणूक दिसते ती पुष्कळ अलीकडची आहे. गोवा मुक्त झाल्यानंतर 1965 साली ती नव्या थाटात सुरू झाली. मिरवणूक नवी, पण पिठाच्या पुड्या जुन्या.

आता पुन्हा ब्राझीलकडे वळू. तिथल्या एंत्रुदूचे मुख्य हत्यार म्हणजे मेणाचे लिंबू. ते कसे करीत, हे ऐकण्यासारखे आहे. लिंबाएवढा किंवा संत्र्याएवढा गोल साचा पातळ केलेल्या मेणात बुडवायचा, लगेच गार पाण्यात धरायचा. वर मेणाची पातळ साल धरते. ती हलक्या हाताने चिरून सोडवायची, पुन्हा जोडायची, आत सुगंधी पाणी भरायचे आणि भोक मेणाने बुजवायचे. झाले लिंबू तयार. अंगावर बसले की फटकन फुटायचे आणि माणूस भिजायचा. ज्यांना एवढी हौस परवडत नसे ते साधे पाणी, पीठ, अंडी, कथलाच्या पिचकाऱ्या, मिळेल ते वापरीत.

ही लिंबे करण्याचे काम घराघरांतून बायकांचे असे, आणि ते सणाच्या कितीतरी दिवस आधी सुरू होई. सधन घरातल्या बायका त्या काळी फारशा बाहेर पडत नसत. रिओ दे जानेरो शहरात घरांच्या दर्शनी भागाला लाकडी जाळ्या असत. त्यांच्या आडूनच रस्ता पाहायचा. त्या जाळ्या काढून टाकण्याचा हुकूम सरकारने 1809 साली काढला. जाळी निघाली तरी वहिवाट एका दिवसात निघत नाही. अशा बायकांना एंत्रुदूच्या तीन दिवसांत मात्र मोकळीक होती. खिडकीतून, सज्जातून त्या रस्त्यावरच्या पुरुषावर नेम धरीत. शेजारणीशेजारणींची जुंपे. एरवी ज्या मुलीने परक्या तरुणाकडे मान वर करून पाहायचे नाही, ती त्याला मेणाचे लिंबू मारी, आणि त्यानेही हसून ते सोसायचे असे. ऑगस्टस अर्ल नावाचा एक इंग्रज चित्रकार 1820 च्या सुमारास रिओत राहत होता. त्याने ह्या खेळाचे एक चित्र काढले आहे. त्यात बायका पुरुषांच्या बरोबरीने दंग्यात उतरलेल्या दिसतात.

म्हणजे आपण आरंभी कल्पिलेल्या त्या दोन बायका काही अगदीच आकाशातून पडलेल्या नाहीत. त्यांच्यामागे अशा पुष्कळ बायका उभ्या आहेत.

परंतु इथे थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. हा ब्राझील गुलामांचा देश होता. आफ्रिकेतून पकडून आणलेली सुमारे 48 लाख माणसे त्या किनाऱ्यावर उतरवली गेली. अमेरिका खंडातल्या दुसऱ्या कोणत्याही देशात एवढी उतरली नाहीत. ती उसाच्या मळ्यांत राबत, खाणींत राबत, शहरांतल्या घरांत पाणी भरीत, कपडे धूत, डोक्यावर टोपल्या घेऊन रस्त्याने माल विकीत. मेणाची लिंबे धनिणीच्या नावाने तयार होत. पण मेण वितळवणारे, पाणी भरणारे आणि तीच लिंबे परातीत मांडून रस्त्याच्या कडेला विकणारे हात बहुधा काळ्या बायकांचे असत. दंगा संपला म्हणजे अंगणातला चिखल आणि कपड्यांवरचे डाग काढणारे हातही तेच.

झाँ-बाप्तीस्त देब्रे हा फ्रेंच चित्रकार 1816 साली रिओला आला आणि 1831 पर्यंत तेथे राहिला. परत गेल्यावर त्याने 1834 ते 1839 ह्या काळात ब्राझीलविषयी तीन खंडांचा सचित्र ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला. त्यात एंत्रुदूचे एक चित्र आहे. रस्त्यावर एक काळी बाई डोक्यावर ओझे घेऊन चालली आहे. एक काळा तरुण तिच्या तोंडाला पांढरे सत्त्व फासतो आहे. जवळच एक पोरगा कथलाची पिचकारी घेऊन उभा आहे, आणि मेणाची लिंबे विकणारी बाई आपला माल मांडून बसली आहे.

ते पांढरे सत्त्व कशाचे होते ठाऊक आहे? कसावा नावाच्या कंदाचे. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगिजांच्या हातून तो आपल्याकडे आला, आणि आज आपण एकादशीला जो साबुदाणा भिजत घालतो तो ह्याच कंदाच्या सत्त्वाचा. आपण ते उपवासात खातो. तेथे उपवास लागण्याच्या आदल्या दिवशी ते तोंडाला फासत. पण ह्याहूनही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ब्राझीलमधल्या गुलामाचे रोजचे अन्न म्हणजे ह्याच कंदाचे भरड पीठ. म्हणजे ज्याच्यावर दिवस काढायचा तेच वर्षातले तीन दिवस उधळायचे. ह्यात नासाडी आहे, तसा थोडा सूडही आहे. पोटापुरतेच मोजून मिळणारे एकदा तरी मुठीने उधळून पाहावे, असे माणसाला वाटते.

त्या चित्रातल्या बाईला हा खेळ आवडला होता का? डोक्यावर ओझे असल्यावर माणूस वळून दुसऱ्याला पीठ फासू शकत नाही. ती कामावर निघाली असेल तर हा खेळ नव्हे, हा उपद्रव. आणि तिचे काम संपले असेल, ओझे खाली ठेवून तीही त्या तरुणाला पळवून पळवून पांढरा करणार असेल, तर मात्र तो खेळ. चित्रात पुढचा क्षण नाही. म्हणून उत्तर मिळत नाही. पण प्रश्न नेमका हाच आहे, आणि सबंध एंत्रुदूचा इतिहास ह्या प्रश्नाभोवती फिरतो: उलट फेकण्याची मुभा आहे का?

कारण ह्या दंग्यालाही अलिखित कायदा होता. गोरे गोऱ्यांशी खेळत, काळे काळ्यांशी. गोऱ्याने काळ्यावर पाणी ओतले, पीठ टाकले तर ती मौज. काळ्या गुलामाने गोऱ्या धन्यावर टाकले तर तो उद्दामपणा, आणि उद्दामपणाला फटके. सगळे शहर पिठाने पांढरे झालेले बाहेरून आलेल्या माणसाला दिसे. कोणाचे पीठ कोणाच्या दिशेने गेले ते त्याला दिसत नसे.

बाहेरून आलेल्या अशा माणसांत एक फार मोठे नाव आहे, चार्ल्स डार्विन. पुढे उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा हा शास्त्रज्ञ तेव्हा अवघा 23 वर्षांचा होता. 'बीगल' जहाज बाहिया प्रांताच्या साल्वादोर बंदरात थांबले होते. 4 मार्च 1832, एंत्रुदूचा पहिला दिवस. डार्विन आणि जहाजावरचे दोन अधिकारी मोठ्या धीटपणाने शहर पाहायला निघाले. मेणाच्या गोळ्यांचा मारा आणि कथलाच्या मोठाल्या पिचकाऱ्यांचे पाणी ह्यांनी तिघांची पुरती दैना उडवली. रस्त्याने चालताना आपली प्रतिष्ठा सांभाळणे जड गेले, असे त्याने आपल्या रोजनिशीत गमतीने नोंदवून ठेवले आहे.

पण साल्वादोरच्या ह्याच मुक्कामातली दुसरी एक गोष्ट त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिली आहे. जहाजाचा कप्तान फिट्झरॉय गुलामगिरीची तारीफ करू लागला. तो म्हणाला, मी नुकताच एका मोठ्या मळेवाल्याकडे गेलो होतो. त्याने आपल्या गुलामांना बोलावून विचारले, तुम्ही सुखी आहात ना? तुम्हांला सुटका हवी आहे का? सर्वांनी सांगितले, नको. ह्यावर डार्विनने एवढेच विचारले, की धन्याच्या समोर गुलामाने दिलेल्या उत्तराला काय किंमत आहे? कप्तान इतका संतापला की ह्यापुढे आपले एकत्र राहणे जमणार नाही, असे त्याने डार्विनला सुनावले. राग पुढे निवळला आणि समेट झाला. पण प्रश्न राहिला.

वाचकहो, ह्या दोन गोष्टी एकाच बंदरातल्या, एकाच मुक्कामातल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. धन्यासमोरच्या उत्तराला जर किंमत नाही, तर धन्यासमोरच्या हसण्याला तरी कोणती? धन्याने पीठ फासल्यावर गुलाम हसला, एवढ्यावरून त्याला खेळ आवडला असे म्हणता येईल का? हसणे हा कधी आनंद असतो, तर कधी मार चुकवण्याची युक्ती असते.

एंत्रुदूवर बंदी घालण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. एकोणिसाव्या शतकात रिओच्या नगरपालिकेने आणि पोलिसांनी पुन्हा पुन्हा हुकूम काढले. आजारपण, मारामाऱ्या, रस्त्यावरची घाण ही कारणे होतीच आणि ती खोटी नव्हती. परंतु त्या बंदीची कलमे वाचण्यासारखी आहेत. स्वतंत्र नागरिक खेळताना सापडला तर त्याला दंड. गुलाम सापडला तर कैद, नाहीतर धन्याच्या मर्जीने फटके. रस्त्यावर विकायला आणलेली एंत्रुदूची लिंबे सापडतील तेथे नष्ट करावीत, असेही कलम होते. म्हणजे ज्याच्या घरात लिंबे होती त्याचे दार लावून चालत राहिले. जिचा माल परातीत रस्त्यावर मांडलेला होता तिचा माल तुडवला गेला. खेळ एक, गुन्हा एक, पण शिक्षेची मापे दोन.

पुढे 1855 साली रिओच्या सुशिक्षित मंडळींनी युरोपच्या धर्तीवर वेष धारण करून, गाड्यांतून मिरवणूक काढली. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले. आता चिकट पिठाचा रानटी खेळ जाऊन सभ्य सण येणार, असे लोक म्हणू लागले. सभ्य सण आला, हे खरे. पण त्यात एक बदल झाला, तो सहज ध्यानात येत नाही. एंत्रुदूत घरंदाज बाई फेकणारी होती. मिरवणुकीत ती सज्जात बसून पाहणारी झाली. गरिबांनी मात्र आपला दंगा वस्त्यावस्त्यांतून पुष्कळ वर्षे चालू ठेवला. 13 मे 1888 रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. अमेरिका खंडात ती सर्वांत शेवटी तेथेच संपली. त्यानंतर त्याच काळ्या वस्त्यांतून नाच आणि वाद्ये घेऊन लोक रस्त्यावर आले, आणि 1932 साली रिओत सांबा मंडळांची पहिली स्पर्धा झाली. आज जगभर गाजणारा रिओचा कार्निव्हाल उभा राहिला, त्यात त्या वस्त्यांचा वाटा फार मोठा आहे.

असले खेळ आजही काही ठिकाणी चालतात, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखेही आहे. ग्रीस देशात कोरिंथच्या आखाताच्या काठी गालाक्सिदी नावाचे जुन्या दर्यावर्दी लोकांचे गाव आहे. तेथे उपवासकाळ लागतो त्या सोमवारी बंदरावर रंगीत पिठाची लढाई होते. बायका, पुरुष, पोरे सारी उतरतात. काठावरच्या घरांना आधी कापड किंवा प्लॅस्टिक बांधून ठेवतात. बंदरावर पाऊल टाकणाऱ्याला काय होणार हे ठाऊक असते. ज्याला नको तो तिकडे फिरकत नाही.

स्पेनमध्ये बुन्योल गावी ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी टोमॅटोची लढाई होते. तिचा आरंभ 1945 सालचा. सरकारने ती बंद पाडली, तेव्हा 1957 साली गावकऱ्यांनी एका मोठ्या टोमॅटोची शवपेटीतून वाजतगाजत अंत्ययात्रा काढली. अखेर परवानगी मिळाली. आता तेथे नियम आहे, की टोमॅटो फेकण्यापूर्वी हाताने चेंगरायचा, म्हणजे कोणाला लागत नाही. बाण उडाला की सुरू, तासाभराने दुसरा बाण उडाला की हात थांबले पाहिजेत. पाहा, दंग्यालाही वेळ असते, मर्यादा असते, आणि ती सर्वांना सारखी असते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशचे झाले, आम्हांला त्याचे काय? तर आपल्या गावची धुळवड आठवा. होळीच्या दुसऱ्या दिवशी राख आणि चिखल एकमेकांना लावायचा, राग धरायचा नाही, ही आपलीही वहिवाट. मोठी चांगली वहिवाट आहे. पण त्या दिवशी कोणी कोणाला माखले, हे जरा नीट पाहावे. सालगड्याला चिखलात लोळवले, ही गंमत गावभर सांगितली जाते. सालगड्याने मालकाला लोळवले, असे किती गावांत घडते? रस्त्याने कामाला निघालेल्या बाईवर पोरांनी रंग ओतला, आणि "सणाचा दिवस आहे, राग कशाला?" असे तिलाच ऐकवले, तर देब्रेच्या चित्रातली डोक्यावर ओझे घेतलेली बाई आपल्याच वेशीत उभी आहे असे समजावे.

ह्याच्या उलट आपल्याकडचा गोपाळकाला पाहा. दही, लाह्या, पोहे, लोणचे, ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र कालवायचे आणि सर्वांनी एका पंगतीने खायचे. तेथेही हात माखतात, तोंडे माखतात. पण अन्न वाया जात नाही, आणि कोणाची शिदोरी कोणती हे शेवटी ओळखू येत नाही. निदान कल्पना तरी अशी आहे. ती प्रत्यक्षात किती उतरली, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. इतिहासाच्या तासाला सनावळी सांगावीच लागते. पण मुलांना कधी एखादा सणच इतिहास म्हणून वाचायला द्या. त्यांना विचारायला शिकवा, की ह्या खेळात फेकतो कोण? ज्याच्यावर पडते त्याला उलट फेकता येते का? आणि सगळे घरी गेल्यावर झाडू कोणाच्या हातात असतो? तेवढ्यावरून मुले पुष्कळ समाजशास्त्र शिकतील.

फुगडी दोघींनीच घालायची असते. दोघींनी हात सारखे धरले, भार सारखा दिला, तरच ती रंगते. एकीने हात सोडला की दुसरी पडते. समुद्रकाठी पिठाने माखलेल्या त्या दोन बायकांचे असेच आहे. त्यांनी पीठ वाया घालवले म्हणून आपण त्यांना हवे तर दोष देऊ. परंतु दोघींच्या हातांत पीठ होते, दोघींना नेम धरण्याची मुभा होती आणि दोघींपैकी कोणालाही "आता पुरे" म्हणता येत होते. ब्राझीलच्या लाखो बायकांना एवढे मिळायला 1888 साल उजाडावे लागले. कायद्याने मिळाले, ते रस्त्यावर मिळायला त्याहून अधिक वर्षे लागली.